डब्यातल्या जिनसांतून काबुली चण्यांचे तोणाक: चणे मऊ आणि रस्सा एकजीव कसा व्हावा

तोणाक म्हणजे भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटपातली आपली गोव्याची रस्सेदार उसळ. तिच्याबद्दल डिचोलीच्या एका भगिनीचा प्रश्न असा आहे. जुलैच्या पावसात दोन दिवस बाजारात जाणे झाले नाही. घरात ओला नारळ नव्हता, भाजीही नव्हती. डब्यात काबुली चणे, कांदे, सुके खोबरे, चिंच, नेहमीचे मसाले आणि टोपलीत उरलेला एक टोमॅटो एवढेच होते. चणे रात्रभर भिजवून सकाळी कांदा, टोमॅटो, चिंचेचा कोळ, तिखट आणि मीठ असे सगळे कुकरमध्ये एकदम घातले आणि सात शिट्ट्या केल्या. तरीही चणे दाताखाली टणक राहिले आणि रस्सा पाण्यासारखा ताटभर पसरला. चूक कोठे झाली आणि घरातल्या एवढ्याच जिनसांत हे तोणाक नीट कसे करावे, असे त्यांनी विचारले आहे.

मी फोंड्याला गेली सव्वीस वर्षे खानावळ चालवते. सोमवारी आमच्याकडे शिवराक, म्हणजे शाकाहारी, जेवण असते आणि श्रावणात तर महिनाभर मासळीला सुट्टी असते, त्यामुळे चण्यांचे तोणाक किती वेळा केले याची मोजदाद नाही. या प्रश्नातली प्रत्येक चूक माझ्याही हातून सुरुवातीच्या वर्षांत झाली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

मुख्य चूक अशी की चणे शिजण्याआधीच त्यांना आंबट भेटले. दाण्यातल्या पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या पदार्थाने चिकटलेल्या असतात. चणा मऊ होतो म्हणजे हे पेक्टिन गरम पाण्यात विरघळते आणि पेशी सुट्या होतात, म्हणूनच शिजलेला चणा बोटांत दाबला की त्याचा लोण्यासारखा लगदा होतो. पाणी आंबट असेल तर पेक्टिन विरघळायला तयार होत नाही. मग सात शिट्ट्या करा किंवा सतरा करा, चणा फुगतो, त्याचे साल सुटते, पण गाभा करकरीतच राहतो. चिंच, आमसूल, टोमॅटो, दही, आमचूर या सगळ्यांना हा नियम सारखाच लागू आहे. उत्तरेकडच्या छोल्यांतही आमचूर किंवा अनारदाणा चणे शिजल्यानंतरच पडतो, त्यामागे चवीइतकेच हेही कारण आहे. बोअरवेलचे पाणी जड असेल तर त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पेक्टिनला आणखी घट्ट बांधून ठेवतात. घरात दोन प्रकारचे पाणी येत असेल तर भिजवायला आणि शिजवायला त्यातले हलके, ज्यात डाळ लवकर शिजते ते पाणी घ्यावे.

दुसरे कारण चण्यांच्या वयात असू शकते आणि ते आपल्या गोव्यात विशेष लक्षात ठेवायला हवे. हरभरा हे रब्बीचे पीक आहे. त्याची कापणी साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये होते आणि आपल्याकडे येणारे काबुली चणे घाटावरून येतात. म्हणजे जुलैत हातात पडलेला दाणा अगदी नवा असला तरी तीन-चार महिन्यांचा असतो आणि दुकानात मागच्या वर्षीचा माल पडून असेल तर सव्वा वर्षाचा. उष्ण आणि दमट हवेत साठवलेले कडधान्य आतून बदलत जाते आणि पुढे कितीही भिजवले तरी नीट शिजत नाही. आपली हवा नेमकी तशीच आहे. एकदा मी स्वस्त मिळाले म्हणून एका व्यापाऱ्याकडून पंचवीस किलोचे पोते घेतले आणि त्यातला एकही घाणा धड शिजला नाही. शेवटी ते सगळे चणे दळून पिठात मिसळावे लागले. तेव्हापासून मी चणे थोडेच घेते आणि घेताना पाहून घेते. नवा दाणा फिकट, पिवळसर पांढरा आणि जड लागतो. जुना तपकिरीकडे झुकलेला, निस्तेज आणि जास्त सुरकुतलेला दिसतो.

मे महिन्यात पावसाळ्याची बेगमी करण्याची, म्हणजे पुरुमेंताची, आपली जुनी रीत आहे. कांद्याच्या माळा, आमसुले, चिंच, सुक्या मिरच्या यांबरोबर कडधान्यही तेव्हाच भरले जाते. चण्यांना दोन दिवस कडक ऊन दाखवून, ते पूर्ण निवल्यानंतर घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात भरावे. कोमट चणे डब्यात भरले तर झाकणाला आतून घाम सुटतो आणि सगळी मेहनत वाया जाते. एवढे केले तरी ते दिवाळीपर्यंत संपवावेत, पुढच्या वर्षासाठी ठेवू नयेत.

आता कृतीकडे येते. चार माणसांसाठी 200 ग्रॅम, म्हणजे साधारण एक कप चणे घ्यावेत. ते निवडून, धुऊन चार कप पाण्यात एक चमचा मीठ विरघळवून भिजत घालावेत. मिठामुळे कडधान्य शिजत नाही अशी एक समजूत आहे आणि माझी आईही तसेच म्हणायची, पण भिजवण्याच्या पाण्यातले मीठ उलट सालाला मऊ करते, कारण मिठातले सोडियम सालातल्या कॅल्शियमची जागा घेते. भिजायला आठ ते दहा तास पुरतात. एप्रिल-मेच्या उकाड्यात बारा तासांच्या पुढे चणे बाहेर ठेवू नयेत. पाण्यावर फेस येतो, आंबूस वास सुटतो आणि मग आपण नकळत आंबट पाण्यातच चणे ठेवलेले असतात. तेवढे थांबायचे असेल तर भांडे फ्रीजमध्ये ठेवावे. रात्री भिजवायचे विसरले तर चणे दोन मिनिटे खळखळ उकळून, गॅस बंद करून, तासभर झाकून ठेवले तरी काम भागते. रात्रभर भिजवलेल्यांची सर मात्र त्यांना येत नाही.

भिजले की नाही हे घड्याळावरून ठरवू नये. एक दाणा घेऊन नखाने दोन फोडी कराव्यात आणि आतला भाग उजेडात पाहावा. दोन्ही पाकळ्या कडेपासून मध्यापर्यंत एकाच रंगाच्या दिसल्या तर चणे तयार आहेत. मध्यभागी खडूसारखा पांढरट, कोरडा ठिपका दिसला तर पाणी अजून आत पोचलेले नाही, आणखी दोन तास द्यावेत. चांगला चणा भिजून वजनाने दुप्पट होतो, तेव्हा 200 ग्रॅमचे 400 ग्रॅमच्या आसपास व्हायला हवेत. तेवढे झाले नाहीत तर चणे जुने आहेत असे समजून पाव चमचा खाण्याचा सोडा घातलेल्या ताज्या पाण्यात आणखी तासभर ठेवावेत आणि मग स्वच्छ धुवावेत. सोड्याने पेक्टिन लवकर सुटते, पण तो जास्त झाला तर साबणासारखी चव येते आणि ब जीवनसत्त्वाचा काही अंश नष्ट होतो. म्हणून चांगल्या चण्यांना मी सोडा लावत नाही. भिजवलेले पाणी फेकून द्यावे, पोटात वायू धरणारी काही द्रव्ये त्याबरोबर जातात.

चणे कुकरमध्ये घालून वर दोन बोटे राहील एवढे, साधारण तीन कप पाणी, अर्धा चमचा मीठ, चिमूटभर हळद आणि एक चमचा तेल घालावे. तेलामुळे फेस आवरतो. कडधान्याचा फेस शिट्टीच्या तोंडाशी अडकणे धोक्याचे असते, म्हणून कुकर अर्ध्याहून अधिक भरू नये. मोठ्या आचेवर दोन शिट्ट्या झाल्या की आच अगदी मंद करावी आणि वीस मिनिटे तसेच राहू द्यावे. सात शिट्ट्या किंवा दहा शिट्ट्या हे माप फसवे आहे, कारण कोणाचा कुकर मिनिटाला शिट्टी देतो, कोणाचा चार मिनिटांनी. पूर्ण दाबाखाली कुकरच्या आत साधारण 120 अंश सेल्सिअस तापमान असते आणि त्या तापमानात चणे किती मिनिटे राहिले यालाच महत्त्व आहे. गॅस बंद केल्यावर वाफ आपोआप जिरू द्यावी. शिट्टी उचलून वाफ घाईने काढली तर चणे फुटतात आणि साले पाण्यावर तरंगू लागतात.

झाकण उघडले की एक चणा निवडून अंगठा आणि तर्जनी यांत दाबावा. तो जोर न लावता चपटा झाला आणि कणी लागली नाही तर पुढे जावे. कणी लागली तर आणखी दहा मिनिटे द्यावीत. या पायरीवर तडजोड करू नये, कारण यानंतर आंबट पडणार आहे आणि मग चणा आहे तसाच राहणार आहे. शिजवलेले पाणी मात्र ओतून देऊ नये, रस्सा त्यातच होतो.

कुकर चालू असताना वाटप करावे. तोणाकाचे सगळे सत्त्व या वाटपात आहे, म्हणून याला माझ्याकडे सर्वांत जास्त वेळ दिला जातो. पाच सुक्या मिरच्या, दीड मोठा चमचा धणे, सात-आठ मिरी, तीन लवंगा, बोटाच्या पेराएवढी दालचिनी, अर्धा चमचा बडीशेप, एक चमचा खसखस, अर्धे चक्रीफूल आणि अर्धा कप किसलेले सुके खोबरे एवढे लागते. काणकोणची खोला मिरची किंवा पेडण्याकडची हरमलची मिरची मिळाली तर उत्तमच, दोन्हींना भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. घरात ब्याडगी असेल तर रंग छान येतो, मग तिखटासाठी एखादी लवंगी घालावी. खसखस किंवा चक्रीफूल नसले तर अडत नाही. धणे, मिरी, मिरची आणि खोबरे या चौघांशिवाय मात्र तोणाक होत नाही.

हे सगळे एकदम कढईत टाकून भाजण्याची चूक पुष्कळ जण करतात. प्रत्येक जिनसेला लागणारा वेळ निराळा आहे. जाड तळाच्या कढईत अर्धा चमचा तेलावर मंद आचेने आधी दालचिनी, लवंग, मिरी आणि चक्रीफूल परतावे. लवंग फुगली की धणे घालावेत. धण्यांचा वास उग्र हिरवट असतो, तो गोडसर आणि खमंग झाला की मिरच्या आणि बडीशेप घालावी. मिरच्या फक्त कुरकुरीत व्हाव्यात, काळ्या पडू नयेत. खसखस अगदी शेवटी, दहा सेकंदांपुरती. हे ताटलीत काढून त्याच कढईत आणखी थोडे तेल घालून एक उभा चिरलेला कांदा आणि चार पाकळ्या लसूण तांबूस होईपर्यंत परतावी आणि मग खोबरे घालावे.

खोबऱ्यापाशी उभे राहावे, फोन घेऊ नये, दुसरे काही चिरायला बसू नये. सुक्या खोबऱ्याचे निम्म्याहून अधिक वजन तेलाचेच असते, त्यामुळे ते ओल्या नारळापेक्षा फार लवकर लागते. पहिली दोन मिनिटे काहीच होत नाही असे वाटते. मग किसाच्या टोकांना बदामी रंग चढतो, उलथन्याखाली तो कोरडा, सुटा वाजू लागतो आणि पाहता पाहता सगळा कीस मधाच्या रंगाचा होतो. त्याच क्षणी गॅस बंद करून कीस कढईबाहेर काढावा, कारण तापलेल्या कढईत तो बंद गॅसवरही भाजत राहतो. चहा-कॉफीसारखा गडद रंग आला तर तोणाक कडू होणार हे नक्की आणि तो कडवटपणा गुळाने झाकत नाही. असे झाले तर अर्धा कप खोबऱ्याचे दुःख करू नये, नवे भाजावे.

सगळे निवल्यावर आधी कोरडे फिरवावे आणि मग अर्धा कप कोमट पाणी थोडे थोडे घालत गंधासारखे मऊ वाटावे. पूर्वी हे रगड्यावर होई आणि त्याची सर मिक्सरला येत नाही असे जुनी माणसे म्हणतात. मला तसे वाटत नाही. घाई न करता, भांड्याच्या कडा दोनदा खरवडून, चिमटीत कण लागणार नाही इतके वाटले तर मिक्सरचे वाटपही चांगले होते. भरड वाटलेले वाटप मात्र रश्श्यात तळाशी बसते आणि वर पाणी राहते. प्रश्नातल्या पातळ रश्श्याचे एक कारण हेच की त्यात वाटप नव्हतेच, नुसते तिखट आणि पाणी होते. रस्सा धरून ठेवणारे काहीतरी लागते.

आता दोन्ही एकत्र आणायचे. पातेल्यात दोन चमचे खोबरेल किंवा घरात असेल ते तेल तापवून एक बारीक चिरलेला कांदा मऊ होईपर्यंत परतावा. टोमॅटो घालायचाच असेल तर तो येथे घालून पूर्ण आटवावा. अर्धा चमचा हळद आणि वाटप घालून मंद आचेवर तीन-चार मिनिटे हलवावे, कडेला किंचित तेल दिसू लागले की पुरे. मग चणे त्यांच्या पाण्यासकट घालावेत आणि मिक्सरचे भांडे विसळून तेही पाणी घालावे. पळीभर चणे पातेल्याच्या कडेला दाबून ठेचावेत. चण्यांतला स्टार्च रश्श्यात उतरतो आणि रस्सा एकजीव होतो, त्यासाठी वेगळे पीठ लावावे लागत नाही. झाकण अर्धे ठेवून मंद आचेवर दहा-बारा मिनिटे उकळू द्यावे, म्हणजे मसाला चण्यांच्या आत शिरतो. खळखळ फार वेळ उकळले तर खोबरे फुटल्यासारखे दिसते, म्हणून आच मंदच हवी.

शेवटच्या पाच मिनिटांत सुपारीएवढ्या चिंचेचा कोळ किंवा तीन-चार आमसुले, चिंचोक्याएवढा गूळ आणि लागेल तेवढे मीठ घालावे. चिंचेने रश्शाला अंग येते, आमसुलाने तो हलका आणि स्वच्छ आंबट लागतो. मी स्वतः चण्यांना चिंचच वापरते. भिजवताना आणि शिजवताना मीठ घातलेले आहे हे लक्षात ठेवून येथे चव पाहूनच मीठ घालावे. वरून जायफळाची चिमूटभर पूड घालून झाकावे आणि वीस मिनिटे हात लावू नये. गरम असताना रस्सा जरा पातळ वाटेल, तो निवताना दाटतो, म्हणून पातेल्यातच फार घट्ट करू नये.

नैवेद्याच्या दिवशी कांदा-लसूण चालत नसेल तर ती दोन्ही वगळून फोडणीत मोहरी, हिंग आणि कढीलिंब घालावा आणि खोबरे पाऊण कप घ्यावे. खडे मसाले घरात नसतील आणि फक्त धणेपूड, तिखट व गरम मसाला असेल तर भाजलेले खोबरे आणि कांदा वाटून त्यात पुडी मिसळावी. चव थोडी उणी राहते, पण जेवण होते. काळे हरभरे याच पद्धतीने होतात, त्यांना कुकरमध्ये दहा मिनिटे जास्त द्यावीत. सकाळी हॉटेलांत पावाबरोबर मिळणारी वाटाण्याची पातळ भाजीही याच वाटेने जाते, तिचे वाटप जरा सौम्य असते. आखातात किंवा विलायतेत राहणाऱ्यांना डब्यातले शिजवलेले चणे मिळतात. 400 ग्रॅमच्या डब्यात निथळून सुमारे 240 ग्रॅम चणे निघतात, तेव्हा वरच्या प्रमाणासाठी दोन डबे घ्यावेत, चणे धुऊन सरळ वाटपात घालावेत आणि मीठ बेताने टाकावे.

आता त्या टणक राहिलेल्या पातेल्याबद्दल. ते फेकून देऊ नये. झाऱ्याने चणे बाहेर काढून पाण्याने चांगले धुवावेत आणि कुकरमध्ये ताजे पाणी व पाव चमचा सोडा घालून पंधरा-वीस मिनिटे मंद आचेवर पुन्हा शिजवावेत. आंबट धुतले गेल्यामुळे बहुतेक वेळा ते मऊ होतात. तेवढ्या वेळात उरलेला पातळ रस्सा उघड्या पातेल्यात निम्मा आटवावा आणि सुके खोबरे भाजून वाटून त्यात घालावे. चणे शिजले की सोड्याचे पाणी टाकून देऊन ते रश्श्यात सोडावेत. तिखट-आंबट आधीच आत आहे, तेव्हा नव्याने काही घालण्यापूर्वी चाखून पाहावे. एवढे करूनही चणे शिजले नाहीत तर दोष जुन्या मालाचा आहे. मग ते मिक्सरला जाडसर फिरवून कांदा, मिरची, कोथिंबीर आणि थोडे बेसन घालून वडे तळावेत.

तोणाक भाताबरोबर जातेच, पण माझ्या मते त्याची खरी सोबत उंड्याची, म्हणजे आपल्या गोल गोवेकरी पावाची. दुसऱ्या दिवशी सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, आला की मी आदल्या रात्रीचे तोणाक फ्रीजमधून काढते. रस्सा रात्रीत थिजून घट्ट झालेला असतो, म्हणून त्यात अर्धी वाटी गरम पाणी घालून मंद आचेवर एकच उकळी आणते आणि वरून कच्चा कांदा बारीक चिरून घालते.